माणच्या बाईंचा ऊस

“सारखं हाय का? आधी ते सांगा,” असं म्हणत माणच्या बाई हातातली वस्तू पोरांसमोर धरायच्या. मग तो दोन फोडी केलेला पेरू असो नाहीतर घडी घातलेला रुमाल.

माण तालुक्यातून बदली होऊन त्या कडेगावजवळच्या आमच्या शाळेत आल्या, म्हणून पोरांनीच हे नाव ठेवलं. तिसरी माझ्याकडे, चौथी त्यांच्याकडे. आणि त्यांच्या चौथीत माझी स्वतःची मुलगी.

अपूर्णांक मी तिला घरी शिकवून पाहिले होते. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? ती दरवेळी म्हणायची, “तीनपेक्षा चार मोठे, म्हणून चतुर्थांश.” मी वर्तुळं काढली, रंगवली, शेवटी ओरडले. ती मुसमुसत झोपली.

एका दुपारी शेजारच्या वर्गात एवढा दंगा झाला, की मी उठून दारात गेले. बाईंनी एक लांब ऊस कोयत्यानं मधोमध तोडला होता आणि पोरं भांडत होती.

“बाई, शेंड्याकडचा आमाला नको! पाणचट असतोय!”

“आरं, मोजून अर्धा केलाय की.”

“लांबीला अर्धा हाय, गोडीला न्हाई!” हे ओरडणारी माझी मुलगी होती. घरी गणिताचं नाव काढलं की तोंड मिटणारी.

“मग सारखा कसा करायचा? तू सांग.”

ती उसाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “उभा चिरा. म्हंजी सगळ्यांना बुडखाबी येतोय आन शेंडाबी.”

“बरं. तिघांत चिरला तर? आन चौघांत?”

“चौघांत फाक बारीक हुईल...” ती मध्येच थांबली. “म्हंजी चतुर्थांश बारीक! व्हय, बाई?”

तुम्ही शिक्षक असाल तर हा क्षण तुम्हाला ठाऊक असेल. मुलाच्या चेहऱ्यावर तो उमटताना बघण्यासाठीच आपण फळ्यापुढे उभे राहतो. माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर तो उमटला, आणि मी दारात होते. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू?

त्यानंतर घरात ऊठसूट “बाई म्हणाल्या.” वेणीसुद्धा बाईंसारखी हवी.

एकदा मधल्या सुट्टीत बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. “आवं, माझी पोरगी तिकडं दहिवडीला सासूपाशी हाय. तिला फोनवरनं अपूर्णांक सांगते, पन कळंनात. ऊस कसा दावू फोनवर?” मग खाली बघत म्हणाल्या, “तुमी रोज पोरीला मांडीशी घिऊन बसता. लय हेवा वाटतो बगा तुमचा.”

मी डब्यातली पोळी त्यांच्यापुढे सरकवली.

यंदा त्यांना गावाकडची बदली मिळाली. मला आनंद झाला. तो सगळाच त्यांच्यासाठी नव्हता.

आता रविवारी मुलगी त्यांना फोन लावते आणि खोलीचं दार लोटून घेते. आत हसणं सुरू झालं, की मी कुकरखालचा गॅस बंद करते. शिट्टी झाली तर काही ऐकू येत नाही.