जिप्समची भिंत आणि मायची मिसरी

शहाद्याच्या आमच्या घरात बैठकीत बसलं की थेट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली मोरी दिसायची. दगडी फरशी, बुटका कठडा, बाजूला पाण्याची टाकी. सकाळी माय तिथे उकिडवी बसून मिसरी लावायची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटाने हिरड्यांवर घासण्यात तिचा बराच वेळ जायचा, आणि तेवढा वेळ ती भरल्या तोंडाने घरभर बोलत असायची. शेजारणीच्या म्हशीपासून माझ्या सुटलेल्या पोटापर्यंत सगळं. निम्मे शब्द कळत नसत, तरी आम्ही जागच्या जागी हुंकार देत असू. त्या बोलण्याची आज फार आठवण येते. आणि ते बंद मीच केलं.

लेकीसाठी स्थळं येऊ लागली तेव्हा मी मोरी फोडली. तिथे पांढरं बेसिन बसवलं आणि बैठक व स्वयंपाकघर यांच्यामध्ये जिप्समची भिंत उभी केली. पत्र्याची चौकट, तिच्यावर दोन्ही अंगांनी बोर्ड, सांध्यांवर पट्टी आणि पुट्टी. बघता बघता भिंत तयार.

मी म्हणालो, "माय, तुन्हा गुडघा दुखतस ना, आते उभं ऱ्हाईसन तोंड धोव."

तिने बेसिनकडे पाहिलं. "उभं ऱ्हाईसन थुंकानं? मी काय हाटेलमा उतरेल शे का, भाऊ?"

आम्ही सगळे हसलो. गुडघ्यांचं खरं होतं, पण भिंत गुडघ्यांसाठी नव्हती. मिसरी थुंकणारी म्हातारी पाहुण्यांना दिसू नये म्हणून होती. हे मी बायकोलाही बोललो नव्हतो.

नाशिककडचे पाहुणे ठरल्यापेक्षा तासभर आधीच आले. माय नुकतीच दुपारची झोप काढून, मिसरी तोंडात घेऊन भिंतीपलीकडे बेसिनपाशी उभी होती. पोहे खाताना मुलाच्या वडिलांनी विचारलं, "आजी कुठे आहेत? मुलाला त्यांच्या पाया पडायचंय."

"ती बहिणीकडे गेलीय माझ्या, खांडबाऱ्याला," मी म्हणालो. चांगलं मोठ्याने.

जन्म सगळा हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींत गेलेला. भिंत घातली की पलीकडे काही ऐकू जात नाही, असंच मी धरून चाललो होतो. हात धुवायला ते उठले तेव्हा मी त्यांना अंगणातल्या नळावर नेलं. ज्यांच्यासाठी बेसिन बसवलं, त्यांना ते दाखवता आलंच नाही.

ते गेल्यावर मी चहा घेऊन आत गेलो. माय बेसिन धरून उभी होती. बेसिन कोरडं होतं. थुंकल्याचा आवाज बाहेर जाईल म्हणून तिने मिसरी गिळली होती. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी. मी कप पुढे केला.

"हाऊ च्या कोनकरता? मी ते खांडबाराले जायेल शे ना?"

मी हसण्यावारी न्यायला गेलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिशवी भरलेली.

"कोठे चालनी, माय?"

"लेककडे, खांडबाराले. तुन्हं बोलनं खोटं पडाले नको."

स्थळ जमलं. लग्नाला ती आली, अक्षता टाकल्या, लेकीच्या गाडीमागोमाग स्वतःही निघून गेली. लोक विचारायचे, तेव्हा मी सांगायचो की तिला तिकडची हवा मानवते. पुष्कळ दिवस सांगितलं.

शेवटी एकदा खांडबाऱ्याला गेलो. बहिणीच्या ओसरीवर ती तूर निवडत होती. समोर बसून म्हणालो, "माय, माले तुन्ही लाज वाटनी व्हती."

"माले माहीत शे," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "तुन्ही भित पातळ शे."

"घर चाल आते."

"येसू ना. पन पाव्हनी म्हनीसन."

आली. पदर सावरून बैठकीत खुर्चीच्या कडेवर बसली. सुनेने पाणी दिलं, ते घेतलं, नातीची चौकशी केली. मी मिसरीची नवी डबी आणून ठेवली होती, ती पुढे सरकवली.

तिने डबीला हात लावला नाही. "लोकसना घर मिसरी नही लावतस, भाऊ," म्हणाली, आणि संध्याकाळची बस किती वाजता आहे ते विचारलं.