सिंह बघायला निघालेल्या बोरकरांची लस

फॉर्मवर सतरा प्रश्न होते. गांधीबागेतले कापडाचे व्यापारी बोरकर यांनी सतराही ठिकाणी ‘नाही’वर टिक केली होती. आजार नाही, औषध नाही, ॲलर्जी नाही. मी सिरिंजचं पाकीट फोडायच्या बेतात होते.

“अहो, ते पोटातलं इंजेक्शन सांगा नं सिस्टरले,” शेजारी बसलेल्या त्यांच्या मिसेस म्हणाल्या.

“ते काय औषध आहे? पंधरा दिवसांतून एकदाच तर घेऊन राहिलो.”

माझा हात थांबला.

परदेशी जाणाऱ्यांना लसी देणाऱ्या नागपूरच्या एका केंद्रात मी तेव्हा नर्स होते. हे जोडपं केनियाला सिंह बघायला निघालं होतं. तिकडून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड लागतं. या लसीत जिवंत, पण कमजोर केलेला विषाणू असतो. निरोगी शरीर त्याला सहज आवरतं. विचारल्यावर कळलं, बोरकरांना संधिवात होता आणि त्यांचं इंजेक्शन प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणारं. अशा शरीरात तो कमजोर विषाणूही जिवावर उठू शकतो.

“तुम्हाला ही लस देता येणार नाही.”

“काहून? या वेळचं इंजेक्शन नाही घेत मी.”

“त्याचा परिणाम बरेच दिवस राहतो. आणि तुमच्या डॉक्टरांना न विचारता ते बंद करायचं नाही.”

“मग अर्धी द्या.”

“अर्धी नसते.”

“मग कार्डच द्या. लस राहू द्या.”

मी नकारार्थी मान हलवली. ते मोबाइल घेऊन बाहेर गेले. पाच मिनिटांत आमच्या साहेबांचा फोन.

“सिस्टर, आपलेच आहेत ते. थोडं ॲडजस्ट होते काय?”

“होते नं सर. तुम्ही लेखी ऑर्डर पाठवा.”

साहेबांची रेंज गेली.

बोरकरकाकू बोलल्या नसत्या तर मी ती लस टोचली असती.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी बोरकरांचे कागद पाहिले. “पिवळ्या तापाची नाही. पण फ्लूची द्या, तिच्यात जिवंत विषाणू नसतो. यांनी ती घ्यायलाच पाहिजे.”

बोरकर ताडकन उठले. “आत्ताच तुम्हीच म्हटलं नं, मले लस चालत नाही! आता जबरदस्ती टोचून राहिल्या काय?”

काकूंनीच त्यांची बाही वर केली. “बसा गुमान.”

पुढे काकू बहिणीसोबत केनियाला जाऊन आल्या. बोरकर घरी राहिले. ठणठणीत, आणि माझ्यावर नाराज. केंद्राच्या त्या वर्षीच्या वार्षिक कार्यक्रमात साहेब भाषणात म्हणाले, “सुरक्षिततेच्या बाबतीत मी कधीच तडजोड करत नाही.” आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून मी कुणालाही ‘औषध घेता का’ असं विचारत नाही. काय गिळता, काय टोचता, काय चोळता, असं विचारते. मग लोक सांगतात.