तारेवरची तांबडी चिंधी

फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "अक्का, सुहासचं विमान पडलं..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. सुहास माझा धाकटा भाऊ. पिकांवर औषध फवारणारं छोटं विमान चालवायचा. माढ्याकडच्या ऊस बागायतदारांच्या एका मंडळानं प्रात्यक्षिकासाठी त्याला बोलावलं होतं. आता तेच मंडळ छातीठोकपणे सांगतंय, वैमानिक फार खाली उडाला, चूक त्याचीच. अहो शहाण्यांनो, पीक फवारायचं विमान खाली नाही तर काय ढगांत उडणार? ढगांना कीड लागलीय?

सुहास भित्रा होता, हे मी खुशाल लिहिते. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी सगळं शिवार पायी तुडवायचा. विजेची तार असेल तर जवळच्या खांबाला, साधी तार असेल तर तारेलाच तांबड्या कापडाची चिंधी बांधायचा. माझ्या जुन्या साड्या त्यातच संपल्या. घरी आला की गच्चीवरच्या कपड्यांच्या तारेलासुद्धा बांधायचा. "अरे, इथं कुठलं विमान उतरतंय?" म्हटलं की हसायचा. "तार दिसत न्हाय अक्का, चिंधी दिसती." अशा माणसाला तार दिसली नाही म्हणे!

खरं काय झालं ते दहाव्याला कळलं. त्या कार्यक्रमाचा मंडपवाला आला होता, कोपऱ्यात बसून रडत होता. प्रमुख पाहुण्यांचा फोटो छापलेला भलामोठा फुगा बांधावर हवेत सोडला होता, बारीक तारेनं बांधून. सुहासनं तो खाली उतरवायला लावला आणि मगच उड्डाण केलं. पाहुणे नेहमीसारखे उशिरा आले. गाडीचा धुरळा दिसला आणि मंडळाच्या अध्यक्षांचा जीव वरखाली झाला... "साहेब आले अन् फुगा खाली? शोभा जाती की! सोड वर." मंडपवाला हात जोडून सांगत होता, "मी म्हनलं हुतं अक्का, इमान वर हाय म्हनून. तर म्हनले, वळसा घालून जाईल की!"

रिक्षा होती का ती, वळसा घालायला? पंख तारेत अडकला तेव्हा हे दिवटे हार घेऊन रांगेत उभे होते. "चौकशीत सांगाल हे?" मी विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "माजं पोट त्येंच्यावरच हाय." मला त्याचा राग आला नाही. किळस आली ती अध्यक्षांची. त्याच दिवशी सांत्वनाला येऊन, माझ्यासमोर बसून, चहा पिऊन गेले ते. म्हणून हे लिहितेय. माझा भाऊ चुकला नव्हता. चौकशीवाल्यांनी मला बोलवावं, मी येईन.

परवा मंडळानं आमच्या गल्लीत श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. सुहासचा फोटो टिकलीएवढा, अध्यक्षांचा परातीएवढा. तार आडवी ओढून, न विचारता, माझ्याच गच्चीच्या कठड्याला बांधलेली. मी कपड्यांच्या तारेवरची सुहासची एक चिंधी सोडली आणि त्या तारेला घट्ट बांधली. संध्याकाळी कार्यकर्ता आला. "अक्का, तेवढी चिंधी काढा की. अध्यक्षांच्या तोंडावर येतीय, शोभा जाती."

"जाऊ दे," मी म्हटलं. "तार दिसली पाहिजे."