अकोल्याचं थिनर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. सगळी नोकरी शाळेत मास्तरकीत गेली. परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारता मारता एक सवय लागली, जो मुलगा मान खाली घालून फार शांतपणे लिहितो, त्याच्याजवळ आधी जाऊन उभं राहायचं. घरातही मी तसाच फिरतो, असं बायको म्हणते. बाबांची जुनी अॅम्बेसेडर रंगवायला काढली, तेव्हा शेडमध्ये फार शांतपणे बसून असायचा तो माझा धाकटा भाऊ.

बाबा गेल्यापासून गाडी आमच्या अमरावतीच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. इंजिन ठीक होतं, मी ते मधूनमधून सुरू करायचो. पण पत्रा जागोजागी फुगला होता आणि गडद हिरवा रंग खपल्या धरून निघत होता. भाऊ अकोल्याला असतो, त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. त्याला एक गिऱ्हाईक भेटलं होतं, वरातीसाठी जुन्या गाड्या भाड्याने देणारं.

"दादा, इथं सडून राहिली ते. तिकडं गेली तर चालती तरी राहीन," तो म्हणाला.

बाबांच्या सीटवर रोज नवा नवरदेव बसणार, या कल्पनेनेच माझं डोकं फिरलं. शेवटी आईने तोड काढली. अक्षय तृतीयेच्या आत मी गाडी रंगवून रस्त्यावर आणली तर ती आपल्याकडे राहील, नाहीतर गिऱ्हाइकाने न्यावी. भाऊ लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच का म्हणाला, हे मला तेव्हापासूनच खुपायला लागलं.

गॅरेजवाल्याचा भाव ऐकून मी त्याचा चहासुद्धा न पिता उठलो होतो. तेव्हा घरीच रंगवायचं ठरलं. कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन भाड्याने आणली. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून बुडवून जुना रंग घासला, खड्ड्यांत पुट्टी भरली, प्रायमर मारला. काचांना वर्तमानपत्रं चिकटवली, धूळ येऊ नये म्हणून शेडच्या तोंडाला बायकोच्या जुन्या साड्या बांधल्या आणि जमिनीवर सडा टाकला. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, म्हणून घरातला मोठा कूलर ढकलत आणून एका बाजूला लावला, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून. आमच्याकडे उन्हाळ्यात लग्नाचा मांडव असो की मयताची बैठक, आधी कूलर कुठे लावायचा ते ठरतं. त्यात विचार करण्यासारखं काही असतं, असं कोणालाच वाटत नाही.

रंगात मिसळायचं थिनर भावाने अकोल्याहून आणलं. "ओळखीचं दुकान हाये, स्वस्तात देलं," म्हणाला. डब्यावर कंपनीचा कागद नव्हता. ते मी पाहिलं आणि मनात ठेवलं.

पहिल्या दिवशी बॉनेटवर रंगाचा हात मारला. ओला रंग असा चमकला की मला त्यात माझा चेहरा दिसला, आणि मी अगदी लहान मुलासारखा खूश झालो. मग बघता बघता त्यावर पांढुरकं काहीतरी चढायला लागलं, काचेवर तोंडाची वाफ धरावी तसं. हिरवा रंग दुधाळ झाला. पुसलं तरी जाईना. मी थिनरचा डबा उचलला आणि भावाच्या डोळ्यांसमोरच झाकण काढून वास घेतला.

"काय पाहून राहिला?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. पण त्याला कळलं होतं. त्याचे कान लाल झाले.

बॉनेट पुन्हा घासावं लागलं. पुढच्या खेपेला थिनर मी स्वतः अमरावतीतून सीलबंद आणलं. रंगाचा डबा रात्री माझ्या खाटेखाली, शेडला कुलूप, किल्ली जानव्याला. भाऊ रविवारी आला, दुकान बंद ठेवून. आल्याआल्या शेडमध्ये शिरला आणि त्याने कूलरचं बटणच बंद केलं.

"थोडा वेळ बंद राहू दे, दादा."

"कावून? मले मारतं काय उन्हात?" मी ओरडलो. "म्हणजे काम अर्धवट सोडून मी पळतो, अन् तू गिऱ्हाइकाले फोन लावतो!"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने बटणावरचा हात काढून घेतला. मी बटण पुन्हा चालू केलं आणि रंग मारला. बॉनेट पुन्हा पांढरं पडलं. भाऊ जेवलाही नाही, दुपारच्याच गाडीने अकोल्याला परत गेला. आई दारातून म्हणाली, "उपाशी गेलं लेकरू." साठीला आलेलं लेकरू, असं मी पुटपुटलो.

पुढचे काही दिवस नळाला पाणी आलं नाही. आईने बजावलं, पिण्याचं पाणी कूलरमध्ये ओतायचं नाही. सड्यालाही पाणी नव्हतं. तारीख जवळ आली होती, म्हणून मी तसाच घामाने निथळत, डोक्याला ओला टॉवेल बांधून पुन्हा घासलेलं बॉनेट आणि दोन्ही मडगार्डं रंगवली. रंग उठून आला. तासभर मी स्टूल टाकून समोर बसलो. कुठे पांढरं नाही, डाग नाही. आणि मला वाटलं, सापडला. भाऊ नव्हता, रंग बरोबर आला. इतकी सरळ गोष्ट होती.

मी तिथूनच फोन लावला. "तू नव्हता, अन् रंग पाह्य कसा आला! आता सांग, काय टाकत होता तू?"

पलीकडे दुकानात कोणीतरी बियाण्याचा भाव विचारत होतं. भावाने त्याला भाव सांगितला. मग म्हणाला, "ठेवतो," आणि खरंच ठेवला. मला त्या वेळी फार बरं वाटलं. ते बरं वाटणं आजही आठवतं आणि अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. मी टाकी भरली, सडा टाकला, कूलर लावला आणि निवांतपणे डावीकडचा दरवाजा रंगवला. गार हवा थेट दरवाजावर येत होती. दरवाजा माझ्या डोळ्यांदेखत पांढरा पडला.

शेडमध्ये मी एकटा होतो. किल्ली माझ्याकडे, डबे माझे. मी कूलरकडे पाहिलं, मग ओल्या जमिनीकडे पाहिलं. ओला रंग आणि ओली हवा, हवेतला ओलावाच रंगावर धरत होता. हात दरवाजाला लावला तर गारेगार लागला. मी कूलर बंद केला आणि तिथेच खाली बसलो. बायको चहा घेऊन आली, तिने दरवाजा पाहिला, मला पाहिलं, आणि चहा ठेवून काही न बोलता गेली. ती इतकी शहाणी आहे की अशा वेळी तिचा राग येतो.

भावाला फोन केला, त्याने उचलला नाही. रोज केला. बाकीची गाडी मी पहाटे, कूलरशिवाय, कोरड्या जमिनीवर रंगवली. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी ती झाली. त्याच संध्याकाळी भावाचा निरोप आईच्या फोनवर आला. गिऱ्हाइकाला त्याने नाही म्हटलं, आणि यंदा अक्षय तृतीयेची पितरांची घागर, बाबांच्या नावाची, तो अकोल्यातच भरणार आहे. इतकी वर्षं बाबांची घागर आमच्याच घरी भरली जात होती, दोघं भाऊ शेजारी बसून. घागरीसाठी काढलेले दोन पाट आईने पुसले आणि एक परत भिंतीला लावला.

मला राहवलं नाही. सकाळी घागर भरून झाली तसं मी आईला मागच्या सीटवर बसवलं आणि बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोला गाठलं. रस्ताभर लोक गाडीकडे वळून पाहत होते. मला त्यांच्याकडे पाहायचं सुचत नव्हतं. काय बोलायचं ते मी मनात घोकत होतो.

भाऊ फाटकाशी आला. गाडी त्याने लांबूनच पाहिली, हात नाही लावला. आईला उतरवून घेतलं, पाया पडला.

"कूलर होता रे," मी म्हणालो. "चूक माही होती. तुह्यावर उगाच..."

"माहीत हाये. इथल्या पेंटरले इचारलं होतं मी," तो म्हणाला. "म्हणूनच त्या दिवशी बंद केला होता."

"मंग सांगाचं नाई काय?"

"तू आयकलं असतं?"

त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, शर्टाच्या खिशाकडे. परीक्षेच्या वर्गात मी मुलांचे खिसे पाहायचो, अगदी तसं. गाडी अजून बाबांच्याच नावावर होती. ती माझ्या नावावर करायची तर आईची आणि भावाची सही लागणार होती. मला सणासुदीच्या दिवशी ते आठवलंसुद्धा नव्हतं. त्याला आठवलं होतं.

"कागद आणले असतीन," तो म्हणाला. "सही कुठी कराची ते दाखव."

मी नाही म्हणेपर्यंत तो पेन आणायला आत गेलासुद्धा.