साठीच्या आत

म्हातारपणातल्या आजारांची पाहणी करत मी विडी कामगारांच्या वस्तीत गेले होते. एका दारात पाठीत वाकलेली बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. दात पडलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. पान ती बघत नव्हती, बोटांनी चाचपत होती. मी शेजारी बसले, फॉर्म काढला.

“आजी, वय किती?”

“बेचाळीस.”

माझा विश्वास बसेना, तेव्हा तिच्या मुलीने आतून कार्ड आणून दाखवलं. बाई माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती.

“आमचे प्रश्न साठीच्या पुढच्यांसाठी आहेत हो,” मी ओशाळून म्हणाले.

“मग आईचं नाव लिवणार न्हाई?” मुलगी म्हणाली. “दोन पावलं चालली की दम लागतो तिला.”

सकाळीच टेकडी चढून आलेली माझी सत्तरीची आई मला आठवली. वय वर्षांत मोजायचं, हे ठरवणाऱ्यांची शरीरं अशी झिजली नसावीत.

बाईच हसली. “साठीपत्तुर आमच्यात कोन टिकतंय, बाई?”

संध्याकाळपर्यंत मी सगळी वस्ती फिरले. म्हाताऱ्या दिसणाऱ्या बायका दारादारांत होत्या. साठीच्या पुढची एकही भेटली नाही.