कोन्या गावचा
जवसाच्या चटणीचा डबा उघडला, की मला तो परदेशातला विमानतळ आठवतो. माझ्या नावाची पाटी धरून एक अनोळखी मुलगा उभा होता, विद्यापीठात नेतो म्हणाला. गाडीवर मात्र विद्यापीठाचं नाव कुठंच नव्हतं. चटणीची बॅग छातीशी धरून मी शिरपूरला आईला फोन लावला. "बसू नोको. आधी इचार त्याले, कोन्या गावचा हाय, काय पिकते तिकडं," ती म्हणाली. मी विचारलं. त्यानं आफ्रिकेतल्या कुठल्याशा खेड्याचं नाव घेतलं आणि कापूस म्हणाला. मी ते आईला सांगितलं. "पऱ्हाटीवाला हाय? आपल्यावानीच कापसाचा? बस मंग. पन फोन चालू ठेव." वाटभर मी बॅग सोडली नाही. आता नव्या मुलांना आणायला मीच जातो, आणि गाव न विचारता कोणी गाडीत बसलं, की मलाच त्याचा संशय येतो.