टिप हातात द्यायची असते

“तू हमाल हो. मी देऊन दाखवतो,” असं म्हणून आबासाहेब खुर्चीतून उठले. हॉलमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी हमाल झाले.

जालन्यातल्या एका लॉजच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. साखरपुडे होतात तिथे. समोर बियाण्यांचे डीलर बसले होते, मंठ्याचे, भोकरदनचे, हसनाबादचे. सोबत बायका, सुना. कपाशीचं बियाणं भरपूर विकलं म्हणून कंपनीने त्यांना आफ्रिकेची सहल दिली होती. युगांडाच्या डोंगरातल्या जंगलात पायी जाऊन गोरिला बघायचे. सहलीचं काम आमच्या शेठना मिळालं होतं, आणि शेठच्या ट्रॅव्हल ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार करणारी मी एकटीच होते. मिशनऱ्यांच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. तिकडच्या कंपनीने सूचनांचे कागद पाठवले होते. बूट कसले, गोळ्या कोणत्या, गोरिलापासून किती लांब उभं राहायचं. आणि टिप कोणाला, केव्हा, कशी द्यायची. हे सगळं मराठीत समजावून सांगायचं माझ्याकडे आलं.

मी फारशी बोलत नाही. चार माणसांत तर नाहीच. पण त्या दिवशी बोलणं भाग होतं. शेठ म्हणाले होते, “लोकांना तू पसंत पडलीस, तर दुभाषी म्हणून तूच जाशील त्यांच्यासोबत.” माझा पासपोर्ट आला होता. चौकशीला पोलीस घरी आले तेव्हा वडिलांनी त्यांना चहा पाजला आणि अर्ध्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, पोरगी आफ्रिकेला चालली. आमच्या घरातल्या कोणी तोवर विमानतळ बाहेरूनसुद्धा बघितला नव्हता.

मला जायचं होतं. फार जायचं होतं. जिथे मला कोणीही मूळ गाव विचारणार नाही अशा ठिकाणी.

डीलरांपैकीच एक असलेल्या आबासाहेबांनी ते सुरुवातीलाच विचारलं होतं. चहा चालू असताना.

“कुठली गं तू?”

“जालन्याची.”

“ते झालं. मूळ गाव?”

हा प्रश्न नेहमी असाच येतो. पहिल्या पायरीवर उत्तर दिलं की दुसरी पायरी तयार असते. मी गाव सांगितलं. ते त्यांचंच गाव निघालं. निघालं कसलं, ते आत आले तेव्हाच मी त्यांना ओळखलं होतं. मग त्यांनी वडिलांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, कपातला चहा संपवला आणि शेजारच्याला सांगितलं, “मास्तरची पोर हाय ही. आपल्या गावची. खालच्या वस्तीतली.”

खालच्या वस्तीतली हे शब्द त्यांनी हळू उच्चारले नाहीत आणि मोठ्यानेही नाही. टेबलावर बशी ठेवावी तसे ठेवले.

मी शिकवायला उभी राहिले. टिप ट्रेक संपल्यावर द्यायची, आधी नाही. डॉलरची नाणी द्यायची नाहीत, तिकडे ती बदलून मिळत नाहीत. फाटकी नोट नको. गाडीतून पोरांकडे चॉकलेटं फेकायची नाहीत. गाइडची वेगळी, माग काढणाऱ्यांची वेगळी. आपलं सामान उचलणारा जो पोर्टर असेल त्याची त्याला. एकाच्या हाती सगळ्यांची देऊन टाकायची नाही. ज्याची त्याला, हातात, हात मिळवून.

“म्हंजे पैसे बी आपणच द्यायचे अन् हात बी आपणच जोडायचे?” मागून कोणीतरी म्हणालं.

“जोडायचे नाहीत. मिळवायचे,” मी म्हणाले.

“अन् मॅडम, गोरिलाला काय? का त्याचं कंपनीनं भागवलंय?”

हॉल हसला. मीही हसले. मला बरं वाटलं. मॅडम म्हणाले होते.

तेवढ्यात आबासाहेब बोलले. “पोरी, हे द्यायचंघ्यायचं तू आम्हाला शिकवून राह्यली का? पिढ्या गेल्या आमच्या देण्यात. तुझ्या आज्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं आमचा हात कसा हाय ते.”

परत हशा. पहिल्यापेक्षा मोठा. शेठही हसले. आणि मग आबासाहेब उठले. तू हमाल हो, मी देऊन दाखवतो.

त्यांनी खिशातून नोट काढली. मी हात पुढे केला. उजवा हात, हात मिळवायला करतात तसा. मी करणार होते तसा. पण ते समोर आले, त्यांचा हात वर उचलला गेला आणि माझा डावा हात आपोआप उजव्याच्या शेजारी आला. दोन्ही तळवे वर. करंगळीला करंगळी चिकटलेली. ओंजळ.

मी सांगितलं नव्हतं माझ्या हातांना.

नोट वरून पडली. “थँक यू, सर,” मी म्हणाले. पोर्टर म्हणतो तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे त्या हातांना कोणी शिकवलं होतं, ते मला माहीत आहे. मी फ्रॉक घालत होते तेव्हाची गोष्ट. वडील मला गावी घेऊन गेले. ते शहरात झेडपीच्या शाळेत शिक्षक. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वर्गात त्यांच्यापुढे मोठी मोठी पोरं चळचळा कापायची. गावात ते आबासाहेबांच्या ओट्याखाली उभे राहिले. वर चढले नाहीत.

“मास्तर, पोर इंग्रजीत शिकती म्हणं. बोलून दाखव म्हणा.”

मी कविता म्हणून दाखवली. आबासाहेबांना काही समजलं नाही, पण आवडली. त्यांनी खिशात हात घातला. वडील माझ्या कानाशी वाकले. “हात कर,” ते म्हणाले. मी एक हात केला. “दोन्ही.” आणि त्यांनी आपले दोन्ही हात जोडून मला आकार करून दाखवला. पटकन, छातीशी, कोणाला दिसणार नाही असा.

त्या दिवशी मी वडिलांचे हात पहिल्यांदा नीट बघितले. शाळेत मी ते कोणाला सांगितलं नाही. कोणालाच कधी नाही. इंग्रजीत त्याला शब्द मला ठाऊक नव्हता, आणि मराठीत सांगायची लाज वाटत होती.

आता हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या आणि मी स्वतःला समजावत होते. सवय असेल त्यांची. वय झालंय. मुद्दाम नसेल केलं. आपल्याला काय, सहल होऊन जाऊ दे.

“सूनबाई, आता तुम्ही या,” शेठ उत्साहाने म्हणाले. “लेडीजनेपण शिकायला पाहिजे.”

आबासाहेबांची सून उठली. माझ्याच वयाची असेल. डोक्यावर पदर, हातात भरगच्च बांगड्या. तीही माझ्यासारखीच, न बोलणारी. तिने मी सांगितलेलं लक्ष देऊन ऐकलं होतं, ते मला दिसलं होतं. तिने नोटेची घडी केली, उजव्या तळव्यात धरली आणि हात सरळ पुढे केला. अगदी बरोबर. शिकवल्यासारखा. मीही एकच हात पुढे केला. तिची बोटं माझ्या बोटांपर्यंत आलीच होती.

“सूनबाई. वरून.”

आबासाहेब खुर्चीत बसूनच बोलले. रागावून नाही. पुढे पायरी आहे, बघून चाल, असं सांगावं तसं.

तिचा हात थांबला. तिने सासऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आधी तिला कळलं नव्हतं. मग कळलं. तिच्या चेहऱ्यावरून ते सरकत गेलेलं मी बघितलं. तिने हात वर नेला.

सवय नव्हती तर. जाणूनबुजून पाळलेली रीत होती. आणि ती पुढच्या पिढीला माझ्या तळहातावर शिकवली जात होती.

मी हात मागे घेतला. नोट सतरंजीवर पडली.

“हातात द्यायची असते,” मी म्हणाले.

“काय?”

“टिप. हातात द्यायची असते. तेच सांगत होते मी मघापासून.”

माझा आवाज बारीक होता. कोणी हसलं नाही, म्हणजे ऐकू गेला असणार.

“बरं बरं. शिकलो आम्ही. तिकडं गेल्यावर देऊ बराबर.”

“तिकडे चढावर पोर्टर तुमचा हात धरून तुम्हाला वर ओढेल. तेव्हा काय कराल?”

“धरू की हात,” आबासाहेब म्हणाले. “त्याला तिथं कोण वळखतंय? तू तर आपल्याच गावची हायस.”

हे त्यांनी मायेने म्हटलं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाचा हात ते धरणार होते, तो कोण आहे हे माहीत नाही म्हणून. माझा धरणार नव्हते, मी कोण आहे हे माहीत आहे म्हणून. आणि मी तिकडे जायला निघाले होते ते ह्याच कारणासाठी. कोणी ओळखू नये म्हणून. त्यांचा हिशोब आणि माझा हिशोब एकच होता.

त्यांनी दिलेली पहिली नोट माझ्या डाव्या मुठीत होती. मी ती उजव्या हातात घेतली आणि त्यांच्यापुढे धरली.

“ही घ्या.”

“ठेव तिथं.” त्यांनी टेबल दाखवलं.

मी ठेवली नाही. हात तसाच धरला. किती वेळ ते सांगता येत नाही. आबासाहेब माझ्या हाताकडे बघत होते, मी त्यांच्या. कोणाचाच हलला नाही. शेवटी शेठ उठले, माझ्या बोटांतून नोट ओढून घेतली आणि त्यांच्या हातात दिली.

“बेटा, सॉरी बोल दे,” शेठ हळूच म्हणाले. “बात खतम कर.”

“कशाबद्दल?”

“मोठी माणसं आहेत. दोन मिनटाचं काम आहे. तुला जायचंय ना?”

“जायचंय.”

“मग?”

मी कागद गोळा केले आणि जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर मला धाडसी बिडसी काही वाटलं नाही. लाज वाटत होती. लाज नकाराची नाही. पहिल्या वेळेला हात जुळले, त्याची. आणि थँक यू म्हणाले, त्याची.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सॉरी म्हणली असती तर काय झालं असतं? विमान तरी बघितलं असतंस.”

“तुम्ही मला त्या शाळेत कशाला घातलंत?”

“हे करावं लागू न्हाई म्हणून.”

“मग नाही केलं.”

“तुझं बराबर हाय गं,” ते म्हणाले. “पण मला गावात जावं लागतं. माझी माय हाय तिथं.”

ते खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी शेठनी ऑफिसातल्या दुसऱ्या एका मुलाला पासपोर्ट काढायला पाठवलं. त्याला इंग्रजी जेमतेम यायचं. तो आफ्रिकेला जाऊन आला. मी नोकरी सोडली. वडील त्यानंतर गावी एकटे जायचे. काय ऐकून यायचे ते सांगत नसत.

मग एकदा मीच म्हणाले, मी पण येते.

आता मी दर महिन्याला जाते. आजीचं सामान आणायला गावातल्या दुकानात जाते. दुकानदार सुटे पैसे वरून सोडतो, सगळ्या वस्तीला सोडतो तसे. मी तळवा वर करत नाही. हात उभा धरते, हात मिळवायला धरतात तसा. उभ्या हातावर नाणं टिकत नाही. खाली पडतं.

“उचल की,” तो म्हणतो.

“तुमच्याकडून पडलं. तुम्ही उचला. हातात द्या.”

मागे माणसं जमतात. “मास्तरची पोर लई शानी झाली,” कोणीतरी म्हणतं. माझे कान तापतात, मान खाली जायला बघते. अजूनही. पण हात खाली जात नाही. ह्या गावात मला सगळे ओळखतात, आणि जिथे ओळखतात तिथेच मला हा हात पुढे करायचा आहे. दुकानदार नाणं उचलून हातात देईपर्यंत मी दुकानासमोरून हलत नाही. मागची गिऱ्हाइकं थांबतात. थांबू दे.